बंद पडलेली रिमोटची बोट : उघडू या, समजून घेऊ या, सुधारू या



रिमोटवर चालणारी खेळण्यातली बोट बऱ्याच घरांत थोडे दिवसच चालते. मग ती एकाच बाजूला वळायला लागते, किंवा हौदाच्या मध्यावर जाऊन थांबते, किंवा चालूच होत नाही. मग तिची रवानगी माळ्यावर होते, नाहीतर भंगारवाल्याकडे. खरं तर या बंद बोटीच्या पोटात विज्ञानाचे चार-पाच पाठ तयार पडलेले असतात. विद्युत परिपथ, रेडिओ लहरी, तरंगणे-बुडणे, रोध, उष्णता, सगळं एका डब्यात!

या लेखात आपण अशी बोट उघडून बघणार आहोत आणि तिचे इलेक्ट्रॉनिक भाग टप्प्याटप्प्याने सुधारणार आहोत. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करू या. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलांना ती लगेच कळते. विहिरीवरची ३ एचपीची मोटर काढून ५ एचपीची बसवली आणि केबल, स्टार्टर जुनेच ठेवले तर काय होतं? केबल तापते, स्टार्टर वारंवार पडतो, आणि शेवटी काहीतरी जळतं. बोटीचंही अगदी तसंच आहे. बॅटरी, नियंत्रक, वायर, मोटर, पंखा ही एक साखळी आहे. एक कडी बदलली की बाकीच्या सगळ्या कड्या पुन्हा तपासायच्या. मुलांना बोट सुधारताना हे एक कळलं, तरी मेहनत वसूल झाली असं समजा.

१) झाकण उघडण्यापूर्वी

सर्वात आधी सेल काढून ठेवा. बोटीतलेही आणि रिमोटमधलेही. बोटीत चार्जिंगचा लिथियम पॅक असेल तर तो हलकेच बाजूला काढा. त्याचं प्लास्टिकचं आवरण कधीही कापू नका. पॅक फुगलेला दिसला तर तो पुन्हा वापरायचा नाही, चार्जही करायचा नाही. आणि भिंतीच्या बोर्डात लावायचा चार्जर आपण उघडणार नाही. त्यात २३० व्होल्टचा वीजपुरवठा येतो. हा नियम मुलांना दोनदा सांगा.

लागणारं साहित्य साधं आहे : लहान चौफुली स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, मास्किंग टेप, पेन, रिकामा अंड्यांचा ट्रे आणि एक मोबाईल. प्रत्येक टप्प्यावर फोटो काढायचा. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेच्या खळग्यांत ठेवायचे. प्रत्येक वायरवर टेपची चिठ्ठी : "डावी मोटर लाल", "बॅटरी काळी". हे काम चौथी-पाचवीची मुलं फार मन लावून करतात.

इथे एक गंमत लक्षात ठेवा. पुष्कळ बोटींच्या तळाला बाहेरून दोन छोटे धातूचे ठिपके किंवा स्क्रू दिसतात. तो पाण्याचा स्विच असतो. दोन्ही ठिपके पाण्यात बुडाले की पाण्यामधून अगदी थोडी विद्युतधारा वाहते, आतल्या परिपथाला "आपण पाण्यात आहोत" हे कळतं आणि मगच मोटर चालू होते. टेबलावर ठेवलेल्या बोटीचा पंखा फिरून मुलाचं बोट कापू नये म्हणून ही सोय असते. नवी बोट घरी आणल्यावर "चालतच नाही" म्हणून दुकानात परत नेणाऱ्या पालकांनी आधी तिला बादलीत ठेवून बघावं!

२) आत काय काय असतं?

आपण उदाहरणादाखल दोन मोटरची, चार पेन्सिल सेलवर म्हणजे ६ व्होल्टवर चालणारी साधी बोट घेऊ. झाकण निघालं की पाच गोष्टी दिसतील.

*बॅटरीचा कप्पा.* चार सेल एकापुढे एक जोडलेले. प्रत्येकी १.५ व्होल्ट, एकूण ६.

*सर्किट बोर्ड.* हिरवी किंवा तपकिरी पट्टी. तिच्यावर रेडिओचा संदेश पकडणारा भाग, संदेशाचा अर्थ लावणारी चिप आणि मोटरला वीज सोडणारे ट्रान्झिस्टर असतात.

*अँटेना.* एक लांब बारीक वायर किंवा आखूड तुकडा.

*दोन मोटर.* चपट्या बाजूंच्या, अंगठ्याएवढ्या.

*दांडे आणि पंखे.* मोटरपासून निघालेला दांडा एका नळीतून पाण्यात जातो. पाणी आत येऊ नये म्हणून त्या नळीत ग्रीस भरलेलं असतं.

अशा बोटीला बहुधा सुकाणू नसतं. मग ती वळते कशी? शेतात ट्रॅक्टर वळवताना चालक एकाच बाजूच्या मागच्या चाकाचा ब्रेक दाबतो, तसं इथे घडतं. डावीकडे वळायचं तर डावी मोटर थांबते आणि उजवी चालू राहते. "बोट एकाच बाजूला वळते" ही तक्रार असेल, तर दोनपैकी एक मोटर नीट चालत नाही किंवा तिच्या पंख्यात काहीतरी अडकलंय. केस, दोरा, शेवाळ. पहिली तपासणी तिथेच करा.

मोटर उलटी फिरवण्यासाठी बोर्डावर प्रत्येक मोटरमागे चार ट्रान्झिस्टरची चौकट असते. त्यातले समोरासमोरचे तिरपे दोन चालू झाले की धारा एका दिशेने वाहते, दुसरे दोन चालू झाले की उलट दिशेने. मुलांना हे समजावायचं असेल तर एक सेल आणि एक सुटी मोटर द्या आणि दोन्ही वायरींची अदलाबदल करायला सांगा. मोटर उलटी फिरते. ट्रान्झिस्टरची चौकट हीच अदलाबदल हात न लावता करते.

३) रिमोट बोटीशी कोणत्या भाषेत बोलतो?

जुन्या आणि स्वस्त बोटींच्या रिमोटवर २७ किंवा ४९ मेगाहर्ट्झ लिहिलेलं असतं. त्यातल्या अनेकांत टीएक्स-२ आणि आरएक्स-२ नावाच्या चिपची जोडी असते. टीएक्स रिमोटमध्ये, आरएक्स बोटीत. ही जोडी ठोक्यांची भाषा बोलते. बटण दाबलं की रिमोट आधी चार लांब ठोके पाठवतो, म्हणजे "लक्ष द्या". त्यानंतर लहान ठोके. पुढे जाण्यासाठी १०, मागे येण्यासाठी ४०, डावीकडे ५८, उजवीकडे ६४. बोटीतली चिप ठोके मोजते आणि त्याप्रमाणे मोटर चालवते. हा खेळ वर्गात टाळ्यांनी खेळता येतो. आकडे लहान करा. दोन टाळ्या म्हणजे पुढे, पाच म्हणजे मागे. एक मूल रिमोट, एक मूल बोट. वर्ग गोंगाट करायला लागला की बोट गोंधळते. रेडिओतला अडथळा म्हणजे काय, हे वेगळं सांगावं लागत नाही.

या भाषेच्या दोन मर्यादा आहेत. पहिली : मोटर एकतर पूर्ण वेगात चालते, नाहीतर बंद. हळू जा, थोडी वळ, असं सांगता येत नाही. दुसरी : शेजारच्या मुलाकडे त्याच वारंवारतेची बोट असेल तर एकाच्या रिमोटवर दोन्ही बोटी हलतात.

२.४ गिगाहर्ट्झच्या नव्या रिमोटमध्ये ही दुसरी अडचण सुटते. रिमोट आणि रिसीव्हर यांची एकदा ओळख करून द्यावी लागते, तिला "बाइंड" करणं म्हणतात. त्यानंतर रिसीव्हर फक्त आपल्या रिमोटचं ऐकतो. हजेरी घेताना ज्याचा नंबर पुकारला तोच "हजर" म्हणतो ना, तसं.

जाता जाता मुलांना इतिहासही सांगा. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लोकांसमोर रेडिओ लहरींवर चालणारी लहानशी बोट चालवून दाखवली. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला त्यांना तिचं अमेरिकन पेटंट मिळालं, क्रमांक ६१३८०९. बॅटरी, पंख्याची मोटर, सुकाणू वळवणारी मोटर आणि लहरी पकडणारा परिपथ ही त्या बोटीची रचना आजही मुलांच्या खेळण्यात सापडते.

४) आधी दुरुस्ती, मग सुधारणा

नवे भाग विकत घेण्यापूर्वी जुनी बोट का बंद पडली ते शोधा. नव्या भागांचा खर्च खेळण्याच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. पुष्कळदा दुखणं छोटंच असतं.

सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड दिसली, तर सेल गळलेले आहेत. अल्कलाइन सेलमधला द्रव अल्कधर्मी असतो. हातमोजे घालून, कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओल्या कपड्याने पुसून वाळवा आणि बारीक पॉलिश पेपरने घासा. आम्ल आणि आम्लारी यांचं उदासिनीकरण इथे प्रत्यक्ष बघायला मिळतं.

त्यानंतर वायरी. मोटरच्या टोकाला दिलेला डाग सुटलेला असतो, हे नेहमीचं. मल्टिमीटर सातत्य तपासणीवर, म्हणजे "बीप" वाजणाऱ्या खुणेवर ठेवा आणि वायरीची दोन टोकं तपासा. बीप आला नाही तर वायर तुटलेली. मोटर तपासायची असेल तर तिला थेट दोन सेल लावून बघा. मोटर फिरली आणि तरीही बोट चालत नसेल, तर दोष बोर्डात किंवा रेडिओत आहे. एकेक भाग वेगळा करून तपासायची ही सवय मुलांना सायकलपासून मिक्सरपर्यंत सगळीकडे उपयोगी पडेल.

५) सुधारणेचा क्रम : आधी लगाम, मग घोडा

मुलांना विचारा, "काय बदलू या?" उत्तर ठरलेलं : "सर, मोठी मोटर!" थांबा. वेग वाढवण्याआधी नियंत्रण वाढवायचं. म्हणून आपला क्रम असा : रेडिओ, वेग-नियंत्रक, बॅटरी आणि सगळ्यात शेवटी, गरज वाटलीच तर, मोटर.

*रेडिओ.* जुना बोर्ड काढून २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट आणि रिसीव्हर बसवायचा. रिसीव्हर काड्यापेटीएवढा किंवा त्याहून लहान असतो. तो प्रत्येक नियंत्रणासाठी सेकंदाला साधारण ५० वेळा एक ठोका पाठवतो आणि त्या ठोक्याची लांबी हाच संदेश असतो. १.५ मिलिसेकंद म्हणजे मध्य, थांबा. २ मिलिसेकंद म्हणजे पूर्ण पुढे. १ मिलिसेकंद म्हणजे पूर्ण मागे. मधल्या सगळ्या लांबीही चालतात, म्हणून आता "हळू जा" सांगता येतं. आधीची चिप ठोके *मोजत* होती, नवा भाग ठोक्याची *लांबी* बघतो. मुलांना हा फरक जरूर दाखवा.

अँटेनाची लांबी बघा, तीही गणित शिकवते. लहरीची लांबी मीटरमध्ये हवी असेल तर ३०० ला मेगाहर्ट्झने भागायचं. २७ मेगाहर्ट्झला सुमारे ११ मीटर. २४०० मेगाहर्ट्झला ०.१२५ मीटर, म्हणजे १२.५ सेंटीमीटर. तिचा पाव भाग सुमारे ३ सेंटीमीटर. म्हणूनच नव्या रिसीव्हरच्या वायरीचं शेवटचं ३ सेंटीमीटरचं उघडं टोक हीच खरी अँटेना असते. ते कापायचं नाही, गुंडाळायचं नाही. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात पटकन शोषल्या जातात. म्हणून हे टोक बोटीत पाण्याच्या पातळीच्या वर, शक्य तितकं उंच ठेवायचं. झाकणाच्या आतून शीतपेयाची स्ट्रॉ उभी चिकटवून त्यात घातलं की काम झालं.

*वेग-नियंत्रक.* दुकानात याला ईएससी म्हणतात. रिसीव्हरचा ठोका वाचून तो मोटरला कमी-जास्त वीज देतो. दोन मोटरच्या बोटीसाठी दुहेरी ईएससी मिळतो. वेग आणि वळण यांचं मिश्रण तो स्वतःच करतो आणि दोन्ही मोटर वेगवेगळ्या चालवतो. बहुतेक ईएससी रिसीव्हरलाही ५ व्होल्ट पुरवतात. रिसीव्हरकडे जाणाऱ्या तीन वायरींत काळी किंवा तपकिरी ऋण, लाल धन, आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी ही संदेशाची. दुहेरी ईएससीऐवजी दोन वेगळे ईएससी लावले, तर त्यांपैकी एकाचीच लाल वायर रिसीव्हरला जोडायची. दुसऱ्याची काढून तिच्यावर टेप लावायची, म्हणजे दोन पुरवठे एकमेकांशी झुंजणार नाहीत.

*बॅटरी.* शाळेसाठी आणि लहान मुलांसाठी निकेल-मेटल हायड्राइडचा ५ सेलचा तयार पॅक घ्या. प्रत्येक सेल १.२ व्होल्ट, पाच मिळून ६ व्होल्ट. म्हणजे मोटरच्या दृष्टीने व्होल्टेज तेच राहिलं. चार्जरही याच प्रकारच्या पॅकचा असावा. हा पॅक लिथियमपेक्षा जड असतो, पण बोटीत वजनाचा विमानाएवढा तोटा होत नाही. पॅक तळाशी, मधोमध ठेवला तर बोट उलट कमी डोलते.

लिथियमच्या पॅकमध्ये ताकद जास्त, पण शिस्तही जास्त लागते. त्याचा एक सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचा नाही आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नाही. चार्जिंगला लावून घराबाहेर जायचं नाही. छेद गेला किंवा वायरी एकमेकींना चिकटल्या तर तो पेट घेऊ शकतो. माझं मत स्पष्ट आहे : प्राथमिक वर्गात तो नको.

६) दहा मिनिटांचं गणित, जे ईएससी वाचवतं

आता साखळीचा मुद्दा आकड्यांत बघू. मोटर फिरत असताना कमी विद्युतधारा घेते. पण पंख्यात शेवाळ अडकून ती थबकली, की तिला अडवायला फक्त तारेचा रोध उरतो आणि धारा एकदम वाढते. भाग जळतात ते या क्षणी. म्हणून हिशोब अडकलेल्या मोटरचा करायचा.

मोटर परिपथातून सोडवा. मल्टिमीटरने तिच्या दोन टोकांमधला रोध मोजा. मल्टिमीटरच्या दोन्ही काड्या एकमेकींना लावल्यावर जो आकडा येतो तो वजा करा. दांडा थोडा थोडा फिरवून चार-पाच वेळा मोजा आणि सर्वात लहान आकडा घ्या. समजा तो १.५ ओहम आला.

६ व्होल्टवर अडकलेली मोटर : ६ ÷ १.५ = ४ अँपिअर.

आपला दुहेरी ईएससी प्रत्येक बाजूला ५ अँपिअरचा आहे. चार पाचपेक्षा कमी. चालेल.

आता एखादा दादा म्हणतो, "दोन सेलचा लिथियम पॅक लाव, बोट उडेल." दोन सेल पूर्ण चार्ज झाले की ८.४ व्होल्ट.

८.४ ÷ १.५ = ५.६ अँपिअर.

पाचाच्या वर गेलं. मोटर तीच, ईएससी तोच, फक्त बॅटरी बदलली, आणि शेवाळाचा एक धागा आता ईएससी जाळू शकतो. उष्णतेचा हिशोब तर आणखी बोलका आहे. अडकलेल्या मोटरमध्ये आधी ६ × ४ = २४ वॅट उष्णता होत होती. आता ८.४ × ५.६ = सुमारे ४७ वॅट. व्होल्टेज दीडपटही झालं नाही आणि उष्णता जवळजवळ दुप्पट! तेही प्लास्टिकच्या बंद डब्यात.

मोठी मोटर बसवली तर? तिचा रोध समजा ०.५ ओहम. ६ व्होल्टवरही १२ अँपिअर. म्हणजे ईएससी मोठा, वायर जाड, पॅक जास्त धारा देणारा, पंखा वेगळा, दांडा मजबूत. पंपाची मोटर बदलली की केबल बदलावी लागते, ती ही गोष्ट.

पॅक किती वेळ पुरेल, तेही मुलांकडून काढून घ्या. पॅकवर २००० एमएएच लिहिलंय. म्हणजे २ अँपिअर धारा एक तास. दोन्ही मोटर मिळून पाण्यात समजा २ अँपिअर घेत असतील, तर कागदावर एक तास. प्रत्यक्षात ४० मिनिटांनी बोट परत बोलवायची. रस्त्यात पेट्रोल संपेपर्यंत कोणी गाडी चालवतं का?

आणि एक स्वस्त विमा : बॅटरीच्या लाल वायरीत, बॅटरीच्या जवळ, ५ अँपिअरचा पात्याचा फ्यूज टाका. दुचाकीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात तो सहज मिळतो. वायरी एकमेकींना चिकटल्या तर फ्यूज जाईल, बोट वाचेल.

७) जोडणी आणि पाण्यापासून बचाव

डाग देण्याचं काम मोठ्यांनी करायचं. खिडकी उघडी, मुलं हातभर लांब, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवायचे, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं. प्रत्येक जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. ती नसेल तर इन्सुलेशन टेप चालेल.

ब्रशवाल्या मोटरमध्ये सूक्ष्म ठिणग्या उडतात आणि त्या रेडिओला त्रास देतात. त्यावर उपाय म्हणजे मोटरच्या दोन टोकांमध्ये एक छोटा सिरॅमिक कपॅसिटर. त्याच्यावर १०४ लिहिलेलं असतं. याचा अर्थ एकशे चार नव्हे! १० लिहा आणि पुढे चार शून्यं द्या : १,००,००० पिकोफॅरड, म्हणजे ०.१ मायक्रोफॅरड. स्थानिक किमतीचा पाठ घेताना हा इवलासा भाग वर्गात फिरवून बघा. जुन्या मोटरला तो आधीच लावलेला असेल तर तसाच राहू द्या. मोटरच्या दोन वायरी वेणीसारख्या पीळ देऊन ठेवल्या तर त्रास आणखी कमी होतो.

बोटीत थोडं पाणी येणारच, हे धरून चाला. रिसीव्हर एका फुग्यात घालून फुग्याचं तोंड वायरींभोवती दोऱ्याने बांधा. मॉडेल बोटवाल्यांची ही जुनी युक्ती आहे. ईएससी मात्र फुग्यात घालू नका. तो तापतो, त्याला मोकळी जागा लागते. तो तळापासून उंच, दुहेरी टेपने चिकटवा. दांड्याच्या नळीत नवं ग्रीस भरा. झाकणाच्या कडेला सिलिकॉन किंवा रुंद टेप लावा. खेळून झाल्यावर झाकण उघडून बोट सावलीत वाळू द्या आणि पॅक बाहेर काढा.

८) पाण्यात सोडण्याआधी

हा भाग कृपया सोडून देऊ नका.

तळाचे ते दोन धातूचे ठिपके आठवतात? जुना बोर्ड काढला तेव्हा पाण्याचा स्विचही निकामी झाला. आता पंखा टेबलावरही फिरेल. कारखान्याने दिलेलं संरक्षण आपण काढलंय, म्हणून ते आपणच परत द्यायचं. नियम असा : पॅक जोडण्यापूर्वी बोट टबात. टबाबाहेर असताना पॅक सुटा.

चालू करताना आधी रिमोट, मग बोट. बंद करताना आधी बोट, मग रिमोट. बोट कधीही रिमोटशिवाय जागी असू नये.

टबात बोट चालू असताना मुद्दाम रिमोट बंद करा. मोटर लगेच थांबल्या पाहिजेत. याला फेलसेफ म्हणतात. थांबल्या नाहीत, तर रिसीव्हरच्या माहितीपत्रकाप्रमाणे ती सोय बसवून घ्या. त्याशिवाय बोट मोठ्या पाण्यात न्यायची नाही. पुढचं बटण दाबल्यावर बोट मागे आली, तर दोन्ही मोटरच्या वायरींची अदलाबदल करा. दहा मिनिटं चालवून मोटर आणि ईएससीला हात लावून बघा. बोट ठेवता येत नाही इतकं गरम लागलं, तर साखळीत कुठेतरी बेरीज चुकतेय. पुन्हा मोजा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बोट पाण्याच्या मध्यावर बंद पडली की मुलाचा पहिला विचार असतो, "आणतो मी." धोका त्या क्षणी आहे. शेततळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकचा उतार ओला झाला की निसरडा होतो. आत घसरलेल्या मोठ्या माणसालाही धरायला काही मिळत नाही. विहीर, शेततळं, नदीचा डोह, बंधारा इथे बोट न्यायचीच नाही. टब, घमेलं, गुडघ्याएवढा हौद, आणि तिथेही एक मोठं माणूस सतत हजर. बोटीच्या मागच्या कडीला, पंख्यात येणार नाही अशी, पतंगाच्या चक्रीवरची नायलॉनची दोरी बांधा. बंद पडली की ओढून घ्यायची. दोरी तुटली तर बोट गेली, एवढंच. मुलांकडून हे वाक्य म्हणून घ्या : "बोट बुडाली तर बुडू दे, मी पाण्यात जाणार नाही."

९) वर्गात कोणी काय करायचं?

पहिली-दुसरी : बोट तरंगते का, वजन एका बाजूला ठेवलं तर काय होतं, हे बघून सांगणं. दिव्यावर चालणारी जत्रेतली पत्र्याची बोट आणि ही बोट यांतला फरक बोलणं.

तिसरी ते पाचवी : स्क्रू काढणं, चिठ्ठ्या लावणं, आतल्या भागांचं चित्र काढून नावं देणं, टाळ्यांचा खेळ, १०४ चं कोडं.

सहावी ते आठवी : सातत्य तपासणी, रोध मोजणं, भागाकाराने धारा काढणं, पॅकच्या वेळेचा अंदाज आणि प्रत्यक्ष वेळ यांची तुलना.

डाग देणं, चार्जिंग आणि पहिल्यांदा वीज जोडणं ही कामं मात्र सगळ्या इयत्तांसाठी मोठ्यांचीच.

काढून टाकलेला जुना बोर्ड फेकू नका. पुठ्ठ्यावर चिकटवून त्याचे भाग बाणांनी दाखवा, विज्ञान कोपऱ्यात छान तक्ता होतो. मेलेले सेल मात्र कचऱ्यात किंवा शेकोटीत टाकायचे नाहीत. ते वेगळ्या बरणीत साठवून ई-कचरा संकलनात द्यायचे.

पालकांना शेवटी एवढंच सांगेन. मूल खेळणं उघडतं म्हणून आपण त्याला "मोडतोड करतो" असं म्हणतो. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हरबरोबर वही द्या. उघडण्याआधी चित्र, बदलण्याआधी हिशोब, चालवण्याआधी तपासणी. ही तीन पानं भरली की मग खुशाल झाकण उघडू द्या. आणि पुढच्या वेळी ते म्हणालं, "मोठी मोटर लावू या," तर तुम्ही फक्त विचारा : "मग केबल कुठली?" उत्तर त्याला काढू द्या.